पाठीवरची अक्षरं

मी एक फ्लेक्स. कापडासारखा दिसतो, पण कापड नव्हे. खांबांवर, दुकानांच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेला तुम्ही आम्हाला पाहिलं असेल. पाहिलं म्हणजे नजर वरून गेली असेल. आमच्यात दोन उन्हाळे काढले की म्हातारपण येतं. माझे काढून झालेत, म्हणून सावकाश बोलतो. घाई असेल तर जा, मी रागावणार नाही. वेळ असेल तर बसा.

एक आधीच सांगतो, मला वाचता येत नाही. अंगावर अक्षरं वागवली, पण ती कोणती हे नेहमी दुसऱ्याच्या तोंडूनच कळलं.

माझा जन्म इंदूरला, राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत, छपाईच्या दुकानात झाला. मशीनची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरायची आणि माझ्यावर एकेक रेघ रंग चढायचा. मशीनवरचा मानस एका हाताने पोहे खात होता. कारंजं, हिरवळ, फुलांचे ताटवे आणि दोन पांढरे हंस त्यानेच कॉम्प्युटरमधून शोधून काढले होते. मालकाने विचारलं, हे गार्डन कुठलं रे? मानस म्हणाला, "काय माहीत भिया. सुंदर आहे ना, बस." खाली स्वागताचे शब्द छापले, कडेला पितळी रिंगा ठोकल्या आणि मला गुंडाळलं. मी ज्या बागेचा आरसा होतो ती बाग मी कधी पाहिली नाही. बहुधा कोणीच पाहिली नसेल.

माझी पाठ मात्र कोरी राहिली. पाठीवर कोणी छापत नाही. तिकडे कोण बघणार?

मला सांवेर रोडला नेलं. कारखाने, गोदामं, लेथची वर्कशॉपं, आणि त्यांच्या मधल्या तुकड्यावर पत्र्यांची एक वस्ती. शहरात कुठले तरी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या गाड्या त्या रस्त्याने जाणार होत्या. पाहुणे यायचे म्हटलं की माणसं पसारा पलंगाखाली ढकलतात, हे मी समजू शकतो. आमचं शहर तर स्वच्छतेसाठी नावाजलेलं, जरा जास्तच आवरतं. पण इथे पसारा नव्हता, माणसं राहत होती. त्यांच्यासमोर बांबू रोवून आम्हा भावंडांची लांब रांग बांधली. तोंडं रस्त्याकडे, पाठी वस्तीकडे.

मला बांधणारा माणूस रत्नपाल. ठेकेदाराकडे रोजीवर होता. तो त्याच वस्तीत राहायचा. स्वतःचं घर स्वतःच्या हातांनी झाकायचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि ते तो नीट, न बोलता करत होता. एका बाजूला सुरकुती पडली तर परत सोडून ताणून बांधायचा. इतकं जपून मला पुन्हा कोणी बांधलं नाही.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. काचा काळ्या होत्या. आत कोणी मान वळवली की नाही, सांगता येत नाही. मग ट्रक, मग टेम्पो, मग धूळ. माझं तोंड रस्त्याकडे होतं आणि रस्त्याला माझं काही पडलं नव्हतं. पण कान म्हणाल तर ते पाठीला होते. पाठीमागे नळावरची भांडणं चालायची, पोरं पळायची, कोणी खोकायचं, कोणी हसायचं. मी तिकडे वळू शकत नव्हतो. माणसांच्या इतक्या जवळ असून त्यांच्याकडे पाठ करून उभं राहणं, याहून एकटेपण दुसरं नाही.

पाहुणे परतल्यावर आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. वस्तीने आम्हाला वाटून घेतलं. कोणी छपरावर गेला, कोणी कोळशाच्या ढिगावर. मी रत्नपालच्या आईकडे, चंपाआजीकडे गेलो. तिने घरामागे चार काठ्या रोवून माझी न्हाणी केली. पाठ आत, हंस बाहेर. शेजारीण म्हणाली, अम्मा, तुम्हारा तो पॅलेस हो गया. आजी म्हणाली, हो, राणी रोज अर्ध्या बालदीत न्हाते.

त्या घरात मला माणसं कळली. रत्नपालची बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, सकाळी अंधार असतानाच जायची. मोठी मुलगी धम्मदीना, सातवीत. घरी सगळे तिला दीना म्हणत. धाकटा स्वप्निल, पहिलीतला. म्हणजे पहिलीतला होता असं म्हणायला हवं.

वस्तीच्या टोकाला एक खोली होती. एका खोलीचीच शाळा. त्या खोलीत लहान पोरं शिकायची, दुपारी तिथंच डाळभात जेवायची, आणि आठवड्यातून एकदा नर्सबाई यायची ती तिथंच टेबल मांडून बसायची. पोरांना टोचायची, आजीचं ब्लडप्रेशर बघून गोळ्या द्यायची. पोरं थोडी आहेत म्हणून वरून हुकूम आला आणि ती शाळा रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवली. खोलीला कुलूप लागलं. कागदावर दोन शाळांची एक झाली. इकडे मात्र शिकणं, जेवण आणि गोळ्या, तिन्ही एकाच दिवशी रस्त्यापलीकडे गेली.

आणि तो रस्ता सांवेर रोड आहे. ट्रकवाल्याला लहान पोर दिसतच नाही, बंपरच्या खालीच राहतं. मोठी माणसं पहाटेपासून कामावर. दीनाची शाळा दुसऱ्या दिशेला, वेळ मात्र तीच. पहिल्या दिवशी स्वप्निल पाठीवर दप्तर घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ट्रक संपेनात. खूप वेळाने तो परत आला आणि न्हाणीत माझ्या आड बसून राहिला. रडला नाही. आजीने विचारलं, शाळा सुटली का रे? तो म्हणाला, "मिळालीच नाही."

त्यानंतर तो गेला नाही. त्याच्यासारखी आणखी पोरंही घरीच राहिली. दुपारी मोठी माणसं नसत तेव्हा ती सकाळची पोळी चहात बुडवून खात. हे मी रोज ऐकत होतो.

दीनाला हे बघवेना. तिची मैत्रीण शिवांगी, ट्रकवर नंबर रंगवणाऱ्या पेंटरची मुलगी. दोघींनी आणखी पोरांना जमवलं. कुलूप लावलेल्या खोलीच्या पायरीवर त्यांच्या बैठका व्हायच्या. एकदा सगळी मिळून कुठल्याशा ऑफिसात जाऊन आली. खिडकीतल्या बाबूने सांगितलं, बड़ों को लेकर आओ. मग पोरं दारोदार फिरली. वस्तीतल्या मोठ्यांचं म्हणणं एकच, दिवस बुडेल. कोणी म्हणालं, सरकारी हुकूम आहे, पोरांच्या ओरडण्याने मागे जातो होय? कोणी पोरांच्या डोक्यावरून हात फिरवून दार लावून घेतलं.

दीनाने घरी विचारलं. रत्नपाल जेवत होता. घास हातातच राहिला.

"बेटा, मी ठेकेदाराकडे आहे. ठेकेदाराला काम सरकार देतं. आणि त्याच्यासमोर मीच झेंडा घेऊन उभा राहू?"

दीना म्हणाली, "झेंडा नाही पप्पा. खोली उघडा म्हणायचं आहे फक्त."

तो उठला. ताट सारून हात धुवायला बाहेर आला. माझ्याशेजारी बराच वेळ उभा होता. तांब्यातलं पाणी नुसतंच सांडत होतं.

मग बातमी आली की पुन्हा पाहुणे येणार. पुन्हा बांबू आले, माझी नवी भावंडं आली, रांग उभी राहू लागली. या वेळी नळासमोरची एक जागा रिकामी राहिली, फ्लेक्स कमी पडला होता. पोरांनी ती जागा हेरली. दीनाचं म्हणणं साधं होतं. मोठे लोक गाडीतून जाताना इकडे बघतात म्हणूनच तर हे सगळं लावतात ना? मग बघू दे.

ती आजीकडे आली आणि मला मागितलं.

आजी म्हणाली, "आणि मी आंघोळ काय चौरस्त्यावर करू?"

"दोन दिवसांचा तर सवाल आहे आजी. परत आणते."

"तुझ्या आजोबांनी पण भावाला सायकल अशीच दिली होती, परत आणतो म्हणाला म्हणून. ते गेले, तो गेला, सायकल अजून येतेच आहे."

पण बोलता बोलता आजीच माझ्या गाठी सोडत होती.

मला शाळेच्या पायरीसमोर पसरलं. पालथा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीला ऊन लागलं. शिवांगीने वडिलांचा काळा ऑइलपेंट आणि ब्रश आणला होता. पोरांनी आधी ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली. आजीच्या साबणाचे डाग निघेनात, तर एक मुलगी गुडघ्यावर बसून नखाने खरवडत राहिली. माझ्या हंसांना कोणी असं हात लावलं नव्हतं. ब्रश गार लागायचा. सुरुवातीची अक्षरं दीनाने ढेंगभर मोठी काढली, पुढची शिवांगीने, आणि शेवटी जागाच उरेना.

शिवांगी म्हणाली, "दीना, 'सकते' कहाँ लिखूँ? जगह ही नहीं बची यार."

"नीचे घुसव ना, छोटं करून. वाचणारा वाचेल."

रंग वाळल्यावर स्वप्निल माझ्या कडेला बसला. शाळा बंद होईपर्यंत जेवढी अक्षरं मिळाली होती, तेवढी घेऊन तो बोटाने एकेक चाचपू लागला. ह. मा. रा. थांबायचा, मागे जायचा, परत यायचा. त्याच्या बोटाखाली मला माझ्या पाठीवर काय आहे ते कळत गेलं. 'हमारा कमरा खोल दो। पढ़ाई, खाना, नर्स दीदी, सब उसी में था। छोटे भाई-बहन सड़क पार नहीं कर सकते।' त्याला सगळं लागलं नाही, उरलेलं दीनाने वाचून दाखवलं. पोक्त झालो होतो तरी मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी सांगायचं आहे.

पाहुणे यायच्या सकाळी, उजाडता उजाडता, पोरांनी मला त्या रिकाम्या जागेत बांधलं. अक्षरं रस्त्याकडे, हंस वस्तीकडे. गाठी कच्च्या होत्या, एक कोपरा लोंबत होता. पण मी तोंड बदलून उभा होतो. पोरं रस्ता ओलांडून पलीकडे जायला निघाली, तिकडून नीट दिसावं म्हणून. मोठी पोरं लहानांचे हात धरून ट्रक थांबायची वाट बघत होती.

एवढ्यात ठेकेदाराचा सुपरवायझर विष्णू मोटरसायकलवरून रांग तपासत आला. घाईत होता. लांबूनच त्याने ओरडून सांगितलं, "अरे रत्नपाल, नल के सामने एक उल्टा लगा है यार. सीधा कर दे, गाड़ियां निकल गयी हैं एअरपोर्ट से." त्याने वाचलं नव्हतं. त्याच्या लेखी तो उलटा लागलेला फ्लेक्स होता आणि फ्लेक्स सुलटा असावा लागतो. वाईट माणूस नव्हता तो. तो पुढे निघून गेला.

रत्नपाल माझ्यासमोर आला आणि थांबला.

तो वाचू शकत होता. ओठ हलवत, हळू. मुलीचं अक्षर त्याने लगेच ओळखलं असणार, कारण पहिल्या ओळीवरच त्याने हात ठेवला. हात तसाच राहिला. लांबून सायरन ऐकू येऊ लागला. मग तो फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आज नको बेटा."

आणि त्याने मला सोडलं, वळवलं आणि पुन्हा बांधलं. या वेळी इतकं घट्ट, की पितळेची रिंग वाकली.

पलीकडे पोहोचून पोरांनी वळून बघितलं, तेव्हा त्यांना कारंजं दिसलं. दोन हंस दिसले. परत यायला वाटच नव्हती, पोलिसाने रस्ता अडवला होता. पोरं तशीच उभी राहिली. शिवांगी काहीतरी बोलत होती. दीना माझ्याकडे बघत होती आणि मी तिला काही सांगू शकत नव्हतो. काळ्या काचांच्या गाड्या आमच्या मधून निघून गेल्या.

आता यानंतरचं सांगतो, कारण हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

माझी अक्षरं आता नळासमोर होती. वस्तीच्या तोंडावर. पाणी भरायला आलेल्या बायकांनी वर बघितलं. वाचता येणारीने वाचलं, न येणारीने विचारलं. एकीने म्हटलं की पोरांनी उलटंच लावलं, लिहिलेलं आपल्यालाच दाखवतायत. चंपाआजी घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बरोबरच दाखवतायत. आपण कुठं गेलो होतो विचारायला?" घागर भरून वाहायला लागली तरी कोणी उचलेना.

रस्ता मोकळा झाल्यावर पोरं ओलांडून परत आली. मोठी आपापल्या शाळेला गेली, दीनाही मान खाली घालून गेली. लहान मागे राहिली. थोड्या वेळाने स्वप्निल बेशरमाची एक काठी घेऊन आला. सगळ्या पोरांना त्याने माझ्यासमोर मातीत बसवलं, रांगेत. काठी माझ्या पाठीवर ठेवून तो एकेक अक्षर म्हणायचा आणि पोरं ओरडून मागे म्हणायची. ह. मा. रा. नळावरची एक छोटी मुलगी कडेवर भाऊ घेऊनच येऊन बसली. कोणी बोललं की तो बाईंसारखं डोळे मोठे करून दटावायचा. एकाला तर त्याने उठून उभंही केलं.

दुपारी रत्नपाल कामावरून जेवायला आला. माझ्यापासून चार हातांवर थांबला. स्वप्निल 'पढ़ाई' या शब्दावर अडला होता. प, प करत काठी तिथंच आपटत होता. पोरंही प, प करत होती. पुढचं अक्षर त्याला शिकवायच्या आधीच खोली बंद झाली होती.

"पढ़ाई," रत्नपाल मागून म्हणाला.

पोरांनी वळून बघितलं. मग सगळी एकदम ओरडली, पढ़ाई. स्वप्निलने काठी पुढे सरकवली. रत्नपाल तिथंच उकिडवा बसला आणि शेवटच्या ओळीपर्यंत सांगत गेला. जेवायला गेलाच नाही.

दोन-तीन दिवसांनी रांग उतरवली. पोरांना माझ्या गाठी सुटेनात. त्यांनी ब्लेडने दोर कापले आणि मला आजीकडे नेलं. कोपऱ्यांत दोरांची बुडखी तशीच लोंबत राहिली. मला कोणी उलटवलं ते घरात कोणी विचारलं नाही. रत्नपाल मुलीच्या नजरेला नजर देत नव्हता, आणि दीनाही वहीतून डोकं वर काढत नव्हती. मी पुन्हा न्हाणीत उभा होतो. मला एकट्यालाच सगळं ठाऊक आहे असं मी समजत होतो, आणि ते फार जड होतं.

आमच्याकडे मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते. ज्याला जे सांगायचं ते रांगेत उभं राहून साहेबांना सांगायचं. वस्तीतल्या बायकांनी अर्ज लिहून घेऊन येत्या मंगळवारी जायचं ठरवलं. सुट्टी कोणालाच नव्हती. दिवस बुडणार होता, तो बुडाला. पोरं तर होतीच. सकाळी निघताना रत्नपाल इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. ठेकेदाराला काय सांगितलंस, असं बायकोने विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं की शाळेत जायचंय." आणि त्याने मला खांद्यावर घेतलं.

रांग लांब होती. जमिनीच्या तक्रारी, पेन्शनच्या तक्रारी, एक म्हातारा नुसताच बसलेला. आत जाण्याआधी मला दोन काठ्यांवर बांधून उघडायचं होतं. कोपऱ्यातली जुनी बुडखी काढल्याशिवाय नवा दोर ओवता येईना. दीनाने एका गाठीवर नखं लावून बघितली, मग कोपरा उचलून वडिलांच्या हातात दिला.

"ही तुम्हीच सोडा पप्पा. तुमचीच आहे."

रत्नपालचे हात थांबले. त्याचे आजोबा महूला पलटणीत होते. तंबूचा दोर बांधायची ती गाठ त्यांनी घरात आणली होती, आणि वस्तीत तशी दुसऱ्या कोणाला येत नव्हती. म्हणजे तिला त्याच दिवशी कळलं होतं. रस्ता ओलांडून आल्या आल्या. इतके दिवस ती वहीत डोकं घालून बसली होती ती त्याला तोंड दाखवावं लागू नये म्हणून नव्हे, त्याला बोलावं लागू नये म्हणून.

त्याने काही कबूल केलं नाही, तिनेही काही विचारलं नाही. तो खाली बसला आणि गाठ सोडू लागला. त्याचीच घट्ट गाठ, वर पाणी पडून फुगलेली. दाताने ओढली. दीना दुसऱ्या बाजूने दोर ढिला देत होती. चारही कोपरे सुटल्यावर त्याने मला उघडलं, आणि अक्षरं समोर येतील असं स्वतःच्या हातांनी वळवलं. मग एक काठी त्याने धरली, एक दीनाने.

टेबलामागच्या मॅडमनी वाचलं. शेवटचं बारीक 'सकते' वाचायला त्या जरा पुढे वाकल्या. कोणती खोली, कधीपासून बंद, किती लांब, असं विचारलं. बायका एकदम बोलू लागल्या, मग आजीला पुढे केलं, मग दीना बोलली. मॅडमनी अर्जावर काही लिहिलं आणि म्हणाल्या, दिखवाते हैं. त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हता. पण पुढचा माणूस येऊन उभाही राहिला होता.

शेजारच्या टेबलावर बाबूने अर्ज घेतला आणि म्हटलं, जो भी लगाना है साथ में लगा दो, बाद में कुछ नहीं जुड़ेगा. बाकी लोक अशा वेळी आधारकार्डाची झेरॉक्स लावतात. दीनाने मला घडी घातली, दोराने अर्जाशी बांधलं आणि टेबलावर ठेवलं.

बाबू माझ्याकडे बघत राहिला. "बेटा, ये फाइल में कैसे जाएगा?"

"आपने ही तो कहा, सब लगाना है," दीना म्हणाली.

ती खरंच तसं समजली होती. जे लिहिलंय ते इथं राहिलं नाही तर हे लोक विसरतील. बाबू हसला, मग हसायचा थांबला. त्याने माझ्या कोपऱ्यावर शिक्का मारला आणि एक नंबर टाकला. रत्नपालने हळूच विचारलं, आजीला काय सांगशील? न्हाणी गेली तिची. आजी मागे उभी होती, तिनेच उत्तर दिलं, "शेजाऱ्यांना सांगीन, फ्लेक्सला सरकारी नोकरी लागली." सगळी हसली. स्वप्निलने माझ्यावर हात ठेवला आणि मग ती सगळी निघून गेली. जिन्यावरून त्यांचं बोलणं खाली खाली जात ऐकू आलं. मग तेही बंद झालं.

तेव्हापासून मी इथे आहे. फाइलींच्या खोलीत, लोखंडी मांडणीच्या सगळ्यात खालच्या खणात. एकदा कोणीतरी अर्ज माझ्यापासून सोडवून घेऊन गेलं. का नेला, चांगल्यासाठी की नुसताच, ठाऊक नाही. माझ्या घड्या पडल्या आहेत, घडीवरचा रंग उडतोय. 'खाना'चा काना गेला असावा, तिथं मला थोडं हलकं लागतं. हंस आतल्या बाजूला एकमेकांना चिकटलेत. इथं ऊन येत नाही, धूळही येत नाही. स्वच्छ जागा आहे.

खोली उघडली का, हे मला माहीत नाही.

मंगळवारी खालच्या व्हरांड्यात लोक जमतात, त्यांचे आवाज दाराच्या फटीतून येतात. मी कान देऊन असतो. लहान पोराचा आवाज आला की वाटतं, दीना आली. ती आली असेल तर त्याचा अर्थ खोली अजून बंद आहे. आली नसेल तर खोली उघडली असेल. किंवा दमली असतील बिचारी, दिवस तरी किती बुडवतील? आजवर तिचा आवाज आलेला नाही. मी त्यातला चांगला अर्थ धरून चालतो. म्हाताऱ्या माणसाने दुसरं काय करायचं?

तुमच्याकडे पाय आहेत. सियागंजच्या घाऊक बाजारात सामान घेऊन, टेम्पो भरून, तुमच्यापैकी किती तरी जण सांवेर रोडने रोज जात असतील. गोदामं संपली की डाव्या हाताला पत्र्यांची वस्ती लागते. पुन्हा कोणी पाहुणे येणार असतील तर समोर बागेची चित्रं असतील. जरा गाडी हळू करा आणि चित्रांच्या मागे जा. नळापाशी कोणालाही विचारा, खोली कुठली ते दाखवतील. आतून पोरांचा गलका येत असेल तर काही करू नका, पुढे निघा. कुलूप दिसलं तर मात्र एखादा मंगळवार काढा आणि त्या पोरांबरोबर इथं या.

मला येऊन सांगायची गरज नाही. तुमचे पाय जिन्यावर वाजले की मला कळेल.